गोडी छाटणी

आमच्याकडे पानगळ आपणहून येत नाही.
पेठहून टेम्पो येतो सकाळी सातला,
बारा बायका, फडक्यातल्या भाकरी, कात्र्या.
आज खंडेनवमी, म्हणून कात्र्यांना हळदकुंकू.
मग कच्. कच्.
पानं तर अजून हिरवीगार.

मे महिन्यात याच काड्या
तापल्या तारांना बांधताना माझी बोटं पोळली होती,
आणि जिवलाबाईची नात मांडवाखाली झोळीत
अशी झोपायची, जणू मोहाडीतली सगळी सावली
तिच्याच नावावर.
आज झोळी तिथंच टांगली.
दहाच्या सुमाराला सावलीच खाली पडली.
पोर उन्हात डोळे चोळत उठली, रडली.
मी छत्री आणली,
गेल्या पावसात एक काडी मोडलेली.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून रामशेज दिसला,
पाच महिन्यांनी. बरं वाटलं.
लगेच मनात आलं,
आता रस्त्यावरून आपणही दिसणार.

पायाखाली पानांचा थर, ओलसर, तुरट वासाचा.
झाडू घेऊन नुसती उभी राहिले.
"वयनी, घड उन्हाळ्यातच बसेल असतो काडीत,"
जिवलाबाई म्हणाली, कात्री न थांबवता.
"आपुन निस्ता त्याला उठवायचा."

असेल.
नातीला तर तिनं पुन्हा थोपटून निजवलं.

संध्याकाळी टेम्पो गेला. हवेत जरासा गारवा.
मोटार बंद करायला बागेतून निघाले
आणि अर्ध्या वाटेत कळलं,
मी अजून मान वाकवून चालतेय,
डोक्यावर काहीच नसताना.