आधी दार

मोखोत्लोंगच्या कोर्टात मी एकवीस वर्षं दुभाष्या आहे.
इंग्रजीचं सेसोथो करतो, सेसोथोचं इंग्रजी,
आणि मधूनच एखादा वकील
मेलेल्या भाषेतलं हाडूक माझ्यापुढे टाकतो.
रोमन लोक ते बोलले, डचांनी जहाजातून केपला उतरवलं,
तिथून ते डोंगर चढून इथे कसं आलं
देव जाणे. घोड्यावरूनच आलं असणार.

सुरुवातीला मी ते तसंच पुढे सरकवायचो.
"सिने दिए," साहेब म्हणाले.
"सिने दिए," मी म्हणालो.
म्हातारे राँत्सो ते कुठल्यातरी वाराचं नाव समजले
आणि दर सोमवारी येत राहिले,
चार महिने.
शेवटी बाहेर, त्यांच्या खोगिरावर हात ठेवून मी सांगितलं:
तारीख ठरलेली नाही, बाबा. म्हणजे
येऊ नका, आणि विसरूही नका.

"आमिकुस कुरिए"चं मी "कोर्टाचा मित्र" केलं
तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं,
कोर्टाला मित्र असतो?
साहेबसुद्धा हसले.

पण एकदा मेंढीच्या खटल्यात मी म्हणून बसलो,
"दे मिनिमिस:
क्षुल्लक गोष्टींची कायदा दखल घेत नाही."
ज्याची ती एकुलती एक मेंढी होती
तो वकिलाकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला.
शब्द माझे नव्हते.
तोंड माझंच होतं.

मग या जुलैत 'माकाट्लेहो आली.
बाहेर गुडघाभर बर्फ,
कोर्टातल्या रॉकेलच्या शेगडीला नुसताच वास.
तिच्या दिरानं, सेखोबेनं,
तिच्या घराचं दार बिजागरीतून उचकटून
गाढवावर घालून नेलं होतं.
घर भावाचं, भाऊ वारला, म्हणजे घर माझं:
त्याच्याजवळ मुखियाचं पत्र होतं,
दोन साक्षीदार, एक नकाशा.
तिच्याजवळ एकच वाक्य होतं.
"वारा आत येतो."
दाराच्या जागी तिनं आपलं ब्लँकेट ठोकलं होतं
आणि कोर्टात ती ब्लँकेटशिवाय उभी होती.

वकील तासभर मालकीवर बोलले.
मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या,
"स्पोलिआतुस आंते ओम्निआ रेस्तितुएन्दुस एस्त."

सगळे माझ्याकडे वळले.
मी मनात जुळवू लागलो:
लुबाडल्या गेलेल्या व्यक्तीस अन्य सर्व बाबींपूर्वी
पूर्ववत ताबा...
आणि मला ते ब्लँकेट दिसलं,
खिळ्यांभोवती फाटत चाललेलं.

मी म्हणालो,
"आधी दार."

"एवढंच?" कारकुनानं विचारलं.
मग मी पुरवणी जोडली:
"घर कुणाचं ते मागाहून बघू. आधी दार लावा."
मॅजिस्ट्रेट बाई स्वतः बासोथो.
त्यांनी मान हलवली आणि पेन उघडलं.

घर कुणाचं, ते अजून ठरलेलं नाही.
तारखा पडताहेत, आणि आता
सोमवार कुणी मोजत नाही.

दार मात्र बसलं.
मी ऑगस्टात तिकडून जाताना पाहिलं:
सेखोबेनं रागाच्या भरात ते उलटं बसवलं होतं.
कडी, जी मुलांचा हात पोचू नये म्हणून वर होती,
गुडघ्याशी आली होती,
आणि तिचा धाकटा ती उघडत होता, लावत होता,
उघडत होता.

मी म्हटलं, अर्ज करू या का?
दार होतं तसं मिळायला हवं.
ती चुलीपाशीच होती, वळली नाही.
"राहू द्या," म्हणाली,
"क्षुल्लक गोष्टींची कायदा दखल घेत नाही.
तुम्हीच सांगितलं होतंत
माझ्या भावाला,
मेंढीच्या वेळी."

धाकट्यानं कडी लावली.
मी बाहेर होतो.