एकशे बारा दिवसांचा खुलासा

निकालाची नक्कल मिळाली त्या दिवशी
मी ती स्कूटरच्या डिकीत ठेवली,
रेनकोट, जुना पाना
आणि घरी न्यायच्या आमसुलांच्या पुडीशेजारी.
अपिलाची मुदत तीस दिवस.
तीस दिवस मी डिकी उघडली नाही.
पेट्रोलचं झाकण बाहेर आहे, त्यामुळे जमलं.

दावा गुलाब गिरप यांचा होता.
जाळी सुकवायची जागा, सासऱ्याच्या सासऱ्यापासूनची,
आणि तिच्यावरून गेलेलं एका रिसॉर्टचं तारेचं कुंपण.
आम्ही हरलो. हरणं मला नवीन नाही,
सत्तावीस वर्षं वेंगुर्ल्याच्या कोर्टात
हरून, संध्याकाळी बांगडे घेऊन
घरी गेलेला माणूस आहे मी.
पण त्या संध्याकाळी मासेवालीने ऐंशी रुपये म्हटलं
आणि मला ऐंशी म्हणजे किती
ते समजेना.

मग जाग तीनला यायची. रोज.
दीपगृहाचा झोत भिंतीवरून फिरायचा,
मी फेऱ्या मोजायचो.
सकाळी कोट चढवायचो. काळा रंग बरा,
घाम दिसत नाही.
बार रूममध्ये सगळे विचारायचे, काय वकीलसाहेब?
या प्रश्नाला उत्तर लागत नाही.

रईसाने, माझ्या ज्युनियरने,
हेल्मेट ठेवायला डिकी उघडली.
नक्कल आमसुलांनी जांभळी झालेली.
तिने तारीख वाचली, बोटांवर मोजलं,
पुन्हा मोजलं.
मुदत संपून एकशे बारा दिवस.

परुळेकर वकील मायेने म्हणाले,
विलंब माफीचा अर्ज टाक.
गुलाबला कावीळ होती लिही, सर्टिफिकेट मी आणतो.
खरं सांगायचं तर
माझ्याच हातून आजवर पन्नासेक माणसं
कागदावर पिवळी पडली आहेत,
एकाला तर मेल्यानंतर झाली होती.
पण ही बाई त्या एकशे बारा दिवसांत
एकही दिवस आजारी नव्हती.
रोज उभादांड्याच्या वाळूत उभी होती,
दुसऱ्यांच्या अंगणात जाळी पसरत.
आजारी मी होतो.
कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं नाव लिहून दिलंय,
मी घडी घालून खिशात ठेवलंय. गावात
त्या नावाला वेगळंच नाव आहे.

गेलो तिच्याकडे. उभ्यानेच सांगितलं.
ती जाळं शिवत होती, सुई थांबली नाही.
"आजारी होतंस तर सांगूक काय झाला होता?
रापण कोण एकटो ओढता काय?"
मला वाटलं, सुटलो.
मग सुई थांबली.
"आणि माफ नाय झाला तर? माझी जागा?"

याला माझ्याकडे कलम नव्हतं.
म्हटलं, मग माझ्यावर तक्रार करा, बार कौन्सिलकडे.
म्हणाली, "ती पण तूच लिवन देतलंस?"
म्हटलं, नाही. दुसऱ्या वकिलाचं नाव देतो,
फीही माझ्याकडून.
ती हसली नाही. चहा मात्र दिला.

आता शपथपत्र लिहितोय.
कायदा म्हणतो, प्रत्येक दिवसाचा खुलासा हवा.
दिवस नववा: डिकीपर्यंत गेलो, परत आलो.
दिवस एकतिसावा: दाढी केली.
दिवस चौऱ्याहत्तरावा: बंदरावरच्या जेटीच्या टोकाला
बराच वेळ उभा होतो.
एक पोरगा गळाला आमिष लावत होता, म्हणाला,
काका, जरा सरका.
सरकलो.

रईसा विचारते, हे ठेवायचं?
ओरोसला सगळे वाचतील.
दिवस पंचाहत्तरपासून पुढे
मला काहीच आठवत नाही, तसंच लिहिलंय.
खाली नेहमीची ओळ, हजार वेळा टाइप केलेली:
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे
खरा व बरोबर आहे.
पहिल्यांदाच ती वाचून पाहिली.
सही जरा वाकडी आली. गोळ्यांनी हात कापतो.
राहू दे, म्हटलं, तशीच.