पल्ला

सकाळी (सकाळ म्हणायची पद्धत म्हणून,
सूर्य नोव्हेंबरात गेला तो जानेवारीतच उगवेल)
नगरपालिकेच्या पांढऱ्या गाडीत बसले, बटण दाबलं,
आणि जाळीतून हवा आली
बंद तळघराचं दार उघडल्यासारखी.

बाहेर उणे एकतीस.
आत उणे एकोणतीस.
दोन अंशांचा काय तो आडोसा.

तोर्ब्यर्नला फोन लावला. फ्यूज बघ, म्हणाला.
बघितला. फ्यूज ठणठणीत.
मग तो तापणारा भागच गेला असणार,
तो आल्ताहून मागवायचा, आल्ता ओस्लोहून मागवणार,
ओस्लो कुठून, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.
तीन आठवडे, म्हणाला. तोवर मोजे घाल.
मोजे होतेच. दोन जोड.
सीट तापवायचं बटण असतं ना, तेही विचारलं त्याने.
हे स्वस्तातलं मॉडेल:
बटणाच्या जागी काळं झाकण.

काराशोकच्या नदीकाठाने निघाले.
पडद्यावर बघते तर
कालपर्यंत एकशे ऐंशी किलोमीटर म्हणणारी गाडी
आज दोनशे साठ म्हणतेय.
हीटर मेला
आणि गाडीला पल्ला आला.
हिशेब डोक्यात उतरायला पुलापर्यंतचा रस्ता लागला:
माझ्या गुडघ्यांतून गेलं
ते चाकांना मिळालं.
आणि खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं,
कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं,
जरी ती नुसती गाडी होती.

मग काच.
माझाच श्वास आतून गोठत जातो तिच्यावर,
पांढरी नेचाची पानं, एकात एक.
जुन्या बँक कार्डाने खरवडते,
भुगा मांडीवर पडतो आणि वितळत नाही.
बोलायचं नाही. उसासा तर नाहीच नाही.
खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची,
बाहेरची थंडी आत घेतली की दिसायला लागतं.
हे मी कार्यालयात कुणाला सांगितलेलं नाही.

आइलूचं इन्सुलिन आज निळ्या पेटीत नाही.
ते स्वेटरच्या आत, काखेत,
वळणावर स्टिअरिंग फिरवताना
कोपर अंगाशी घट्ट धरून.
पहिलं घर त्याचं. तो झोपेतच दंड पुढे करतो,
औषध कोमट कसं, विचारत नाही.

तिसरं घर मारेतचं. वय ब्याऐंशी, डाव्या पायाला जखम.
पट्टी सोडायला हात लावला मात्र,
ती ओरडली.
मला सामी भाषेतले चाळीसेक शब्द येतात.
त्यांत मासा आहे. मेलेला आहे.
बाकीचं वाक्य मी जुळवलं.

तिने माझी मनगटं पकडली,
आपले दोन्ही हात जरा उचलले
आणि माझे पंजे लोकरी झग्याखाली, काखेत घातले.
अनोळखी पिलू घरात घेतल्यासारखे.
वर कोपरं मिटली.
तशाच बसलो, समोरासमोर, लाकडी बाकावर,
मी तिच्यावर वाकलेली,
ती माझ्या खांद्यावरून चुलीकडे बघत.
वेळापत्रकात या भेटीला अकरा मिनिटं आहेत.
नऊ तशीच गेली.
पट्टी मग घाईत बांधली, पण नीट बांधली.

निघताना तिने रेनडिअरचं कातडं सीटवर टाकलं.
मला परवानगी विचारली नाही,
नगरपालिकेला तर नाहीच.

भाग बावीस दिवसांनी आला.
पहिली गरम हवा जळक्या धुळीच्या वासाची,
मग केसांच्या,
राखाडी केस तोवर सगळीकडे झालेले,
पट्ट्यात, फाइलीत, माझ्या पावात.
पल्ला पुन्हा एकशे ऐंशी.
चौथ्या घरानंतर चार्जिंगला थांबावं लागतं,
तिथे मी आत ऊब लावून बसते,
आकडा उतरताना बघते, थोडं अपराधी वाटतं.

कातडं काढलेलं नाही.
काल पुलावर काच अगदी स्वच्छ होती,
म्हणून एक गाणं म्हटलं,
बेसूर, तोंड भरून,
वाफ कुठे जातेय याकडे न बघता.