चार मीटरच्या आत

वर्तुळ चार मीटरच्या आत आल्याशिवाय
फॉर्म पुढे सरकत नाही.
न्टाटे सेकाकेंना मी एवढंच सांगते :
दारात नको, पत्र्याच्या छपराखाली नको,
त्या पीचच्या झाडाखालीही नको.
अंगणात या, आभाळ मोकळं आहे तिथं,
आणि हलू नका.

ते घोंगडी सावरत येतात.
"घर माझं मोजायचं ना?
मग घराकडे पाठ करून का उभी?"

फोन मी तळहातावर धरते, आडवा, ताटलीसारखा.
बॅटरी वाचवायची सोय बंद केलीय.
गारठ्यात त्यालाही जाग यायला वेळ लागतो.
आणि मागे कडा आहे.
उपग्रहाची हाक कड्यावर आपटून येते उशिरा,
मग फोनला वाटतं
आपण भलतीकडेच आहोत.

एकशे साठ मीटर.
निळा ठिपका मोहोकारे ओलांडून गेलाय
पार त्या काठावर,
तारेच्या कुंपणापलीकडे, कुणाच्या तरी गव्हात.

"बघू."
चष्मा नाही, म्हणून फोन नाकाला लागेल इतका जवळ.
"ही नदी?"
हो.
"ही रेघ?"
सरहद्द.
"आणि हा मी?"
तुम्हीच. पण चुकलाय तो. थांबा, येईल जागेवर.

बराच वेळ ते गप्प.
मग कणसातून दाणे सोडवावे तसे एकेक शब्द :
"माझ्या आज्याच्या आज्याची ज्वारी होती तिथं.
आधी बंदुका आल्या, मागून नकाशा.
आम्ही कुठं हललो नाही, पोरी.
रेघ हलली."

नव्वद.
ठिपका पाण्यात उतरलाय.
"गार असेल," म्हणतात, आणि हसतात,
दात उरलेत दोनच.
चाळीस. अलीकडचा काठ, विलोची उघडी मुळं.
अकरा. गुरांचा दगडी वाडगा.
मला अजून नऊ घरं करायचीत,
शेवटची दोन चढावर, आणि ऊन कलतंय.

"मघाचाच ठेव ना.
तुझ्या त्या ऑफिसला काय फरक पडतो?"

पडतो, न्टाटे.
उद्या नळ आला तर याच खुणेवर येणार,
रात्री तुमची छाती भरून आली
तर दवाखान्याची गाडीही.
हे मी मनात म्हणते.
तोंडाने म्हणते, "सहा. आता थोडंच राहिलं."

तीन पूर्णांक आठ.
फोन थरथरतो, फॉर्म पुढे सरकतो :
खोल्या किती, चूल कशाची, माणसं किती.
एक.
शेऱ्याचा रकाना रिकामाच ठेवते.

चढावर अर्ध्या वाटेत दम घ्यायला वळले
तर ते अजून तिथंच,
अंगणाच्या मधोमध,
तोंड नदीकडे, हात घोंगडीत.
झालं, आता हललात तरी चालेल,
असं सांगायचं
माझं राहूनच गेलं होतं.