विरजण

उदगीरला तेव्हा दोन केबलवाले होते.
चौबाऱ्याकडं आमचे मन्मथअप्पा हुडगे,
पटरीपलीकडं खय्यूम पटेल.
दोघांच्याही वायरी रुळांशी येऊन थांबायच्या,
एकाच ओढ्यावर दोन काठांनी आलेले बैल
एकमेकांकडं न बघता पाणी पितात, तशा.

मी कॅसेटी लावायचो.
महिना सहाशे, आणि दुपारचा चहा.

आमच्याकडं एक कार्यक्रम होता, ‘शेजारीण’.
गंगासागरताई कुणाच्याही उंबऱ्यावर जाऊन बसायची,
माइकला हातरुमाल गुंडाळलेला,
विचारायची, सांगा बाई, या गल्लीत
तुमचं कुणाशी बोलणं नाही?
आणि बाया सांगायच्या,
मिरच्या खुडत, नाव न घेता,
पण सगळ्या गावाला कळेल असं.
गुरुवारी रात्री साडेआठला
पानपट्टीवरसुद्धा माणूस नसायचा.
बावन्न भाग. कोपऱ्यात आमची खूण, ज्वारीचं कणीस.

एक दिवस अप्पांनी पहिल्या वीस कॅसेटी पोत्यात भरल्या.
सायकलवर घाल, म्हणाले, खय्यूमकडं दे.
सोबत कागद:
दोनदा दाखवायचं. सणाच्या दिवशी नाही.
कणीस झाकायचं नाही.
रोख अठराशे.

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं.
अप्पा, कशाला द्यायलाव त्याला?
आपलंच बियाणं, त्याच्या रानात?

अप्पा सुपारी कातरत राहिले.
मग कपाट उघडून एक कॅसेट माझ्या नाकाशी धरली.
बुरशी. पांढरी, जुन्या खारकेवर येते तशी.
ही खायला मागत नाही, म्हणाले,
पण बसून बसून स्वतःलाच खाते.
गंगासागरचा पगार एकदाच गेला, ते जेवण शिजलंय,
दुसरं ताट वाढायला जाळ लागत नाही.
आणि पटरीपलीकडं आपली वायर जात नाही रे.
त्याच्या वायरीनं कणीस जाईल.
खांब त्याचे, चढणारी पोरं त्याची.

पटलं नाही.
त्याच उन्हाळ्यात पटरीलगतच्या एकोणीस घरांनी
पुलाखालून खय्यूमची वायर ओढून घेतली,
आमचेच जुने भाग बघायला,
पंधरा रुपये कमी देऊन.
अप्पा त्यावर बोलले नाहीत.
चहात साखर जास्त घातली.

घरी सांगितलं तर आई हसली.
पलीकडच्या निलावतीशी तिचा अबोला,
नळाच्या पाण्यावरून, मी तिसरीत असल्यापासून.
तरी दिवे लागायच्या आत
भिंतीवरून वाटी जायची, विरजणाची.
आपलं नासलं तर मागायला एक घर असावं,
म्हणाली,
वाटीशी थोडंच बोलावं लागतं?

चौथ्या वर्षी मीटरपेटीतून ठिणगी उडाली.
कपाट गेलं.
बावन्न भागांचा एक काळा गोळा,
गार झाल्यावरही वास मारणारा.
गंगासागरताई तोवर बिदरला दिलेली.

कागदात नव्हतं,
पण खय्यूमभाईंनी नक्कल काढून ठेवली होती.
वीसच. बत्तीस गेले ते गेले.

अप्पा लुनावर निघाले, मागं मी, पोतं धरून.
खय्यूमभाईंनी आधी चहा पाजला,
आगीचं विचारलं, जीभ चुकचुकली,
मग ड्रॉवरमधून तोच कागद काढला,
फक्त नावं उलटी केलेली.
दोनदा. सणाला नाही. अठराशे.
काकडीच्या भावात घासाघीस करणारे अप्पा,
त्यांनी मोजून दिले.

गुरुवार, साडेआठ.
ताईचा हातरुमाल. मिरच्या. ‘नाव नाही घेत मी कुणाचं.’
आणि कणसावर आडवी, पिवळ्या अक्षरांत,
पटरीपलीकडच्या सराफाची जाहिरात.

झाकलंय बघा, मी म्हणालो. बंद करू?

अप्पा बराच वेळ बघत राहिले.
राहू दे, म्हणाले.
आता आपल्या वायरीनं चाललीय ती.
सकाळी सराफाला बिल नेऊन दे.