पंधरा आणे

कोठाराच्या फळ्यांना बारीक भोकं आहेत,
दाभणानं टोचल्यासारखी.
चेस्टनट, होबर्ट म्हणतात, आणि फळीवर तळवा ठेवतात,
घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा.
माझ्या सासऱ्यांनी हे झाड उभं कधी पाहिलं नाही.
फळ्याच पाहिल्या.

व्हर्जिनियात, फ्लॉइडच्या या उतारावर
झाडं मेली पण मुळं मेली नाहीत.
अजून धुमारे फुटतात,
मनगटाएवढे होतात,
मग साल तडकते, नारिंगी पुरळ उठतं,
आणि पुन्हा जमिनीपासून सुरुवात.
शंभर वर्षं तोच धडा गिरवताहेत.

आम्ही बासष्ट रोपं लावली, संकराची.
सोळांतले पंधरा भाग इथले,
एक चिनी, होबर्टनी कागद वाचून दाखवला.
म्हणजे पंधरा आणे, मी म्हणाले,
आणि मग आणा समजावत बसले,
जो मीही कधी हातात धरला नव्हता.
त्यांना तो फार आवडला.
दातांच्या डॉक्टरलासुद्धा सांगून आले.

हरणांपासून राखायला पांढऱ्या नळ्या.
लांबून व्हर्डीला त्या थडग्यांसारख्या दिसल्या,
गाडी थांबवून तिनं विचारलं, कोण गेलं?

दोन उन्हाळे बादल्या वाहिल्या.
चौथ्या जूनमध्ये
आम्हीच त्यांना रोग दिला.
सालीत गिरमिटानं भोक, भोकात बुरशीची टिकली,
वरून चिकटपट्टी.
कोण तगेल ते कळायला दुसरी वाट नाही.
सहाव्या झाडापाशी होबर्टचा हात थरथरला,
त्यांनी गिरमीट माझ्याकडे दिलं.
झाडांना नावं ठेवायची नाहीत असं ठरलं होतं,
दोन्ही अर्थांनी.
सतराव्याला मी मनात ठेवलं होतं.

तो एक आणा कुठे असतो,
पानात दाखवता येत नाही, खोडात नाही.
जखमेच्या कडेलाच दिसतो,
जिथे साल फुगून ओठासारखी
हळूहळू मिटत येते.

सतरावं मिटलं नाही.
सत्तावन्न तोडली. चुलीत फार तडतडतं हे लाकूड,
ठिणग्या थेट गालिच्यापर्यंत.

उरलेल्या पाचांतल्या एकाला
परवा बोंड लागलेलं सापडलं, साळिंदराच्या पिल्लागत.
हातमोजे घालूनही माझी दोन बोटं रक्ताळली.
आत तीन बिया, एक पोकळ.
मी पेरायची म्हणेपर्यंत
होबर्टनी एक दातांखाली फोडली.
एक्याऐंशी वर्षं, म्हणाले,
चव तरी कळू दे.
अर्धी मला दिली.
कच्च्या शिंगाड्यासारखी, मी म्हणाले.
आता शिंगाडा समजावणं आलं.

दुसरी ओल्या शेवाळात गुंडाळून
फ्रिजमध्ये ठेवली आहे, लिंबाच्या लोणच्याशेजारी.
बरणीवर होबर्टच्या वाकड्या अक्षरात:
खाऊ नये. एप्रिलपर्यंत.