तीनची नोंद

तोरीतच्या बाहेर, पत्र्याच्या खोलीत
मी रेडिओपाशी बसते.
भिंतीला वाळूची पोती, पोत्यांना उंदरांनी पाडलेली भोकं.
वाळू रोज मूठभर खाली येते,
मी रोज ती झाडून काढते.
तेवढीच आमची तटबंदी पातळ होते.

टेबलावर वही.
दर तासाला गाडीने बोलायचं: कुठे, किती जण, पुढे काय.
एकची नोंद: पूल ओलांडला. चौघे.
दोनची नोंद: रस्त्यात दोरी आडवी, बंदूकवालं पोरगं साबण मागतंय.
दिला नाही. हसून सोडलं. चौघे.
तीनची जागा कोरी.

नियम मला पाठ आहे.
पंधरा मिनिटं थांब. पुन्हा हाक मार.
अर्ध्या तासाने जुबाला कळव.
त्या पंधरा मिनिटांत हात कुठे ठेवायचे
ते नियमात नाही.
मी पेन्सिलीला टोक केलं. पुन्हा केलं.
पेन्सिल बोटाएवढी उरली.

भिंतीवर साहेबांनी चिकटवलेला तक्ता,
हिरवे, पिवळे, लाल चौकोन.
घडण्याची शक्यता आडवी, बसणारी झळ उभी.
ओहिसाने एकदा त्यापुढे उभं राहून विचारलं होतं,
"केजी, माझं घर कुठल्या रंगात येतं गं?"
गेल्या साली हेलिकॉप्टर आलं तेव्हा
यादी वाचली गेली. अकरा नावं.
आमची नव्हती.
आम्हाला चाव्या दिल्या, फ्रीजमधल्या लसी सांभाळा म्हणाले.
सांभाळल्या.
जनरेटरला डिझेल ओहिसाने कुठून आणलं,
मी विचारलं नाही.

जुबाला कळवून दहा मिनिटं झाली.
तीन चाळीस.
खरखर, मग खोकला.
तो खोकला मी हजारांत ओळखेन.
"बेस, माघारी फिरलोय. डोंगर येईपर्यंत बोललो नाही. चौघे."
का?
"इहुरेने चहा दिला नाही."

फाट्यावरची इहुरे, दात नसलेली, उधारी न विसरणारी.
गाडीची धूळ दिसली की किटली चुलीवर चढवणारी.
आज तिने किटली पालथी घातली
आणि म्हणाली, जा, साखर संपली.
साखरेच्या पोत्यावरच बसली होती.
रस्त्यावर एक शेळी नाही, एक पोर नाही.

रात्री अहवाल भरायला घेतला.
रकाना: माहिती कोणाकडून मिळाली.
इहुरेचं नाव लिहिलं. मग खोडलं.
खोडलेलंही वाचता येईल म्हणून पानच फाडलं, जाळलं.
कागद कुठून कुठे जातो, कोण वाचतं,
आणि ती तर उद्याही तिथेच,
दोरीवाल्या पोरांना चहा ओतत.
तिचं नाव कुठल्याच यादीत नाही.
नव्या पानावर लिहिलं: साखर संपली.

सकाळी जुबाहून विचारणा आली, म्हणजे काय?
मी वाळू झाडत होते.
बाहेर ओहिसा बोनेटवर उधारी मांडत होता,
तेरा कप,
त्यात कालचा, न दिलेला, एक.